आक्कांनी पट्टा बांधला नाही

विमान कंपनीत नोकरी केली असं सांगितलं, की माणसं पहिला प्रश्न विचारतात, "मग काय, किती देश बघितले?" मी खरं तेच सांगतो. मी सांबरा बघितलं. बेळगावच्या पूर्वेला, शेतांच्या मधोमध एक धावपट्टी, एक बैठी इमारत आणि वाऱ्याची दिशा दाखवत फुगणारी एक कापडी नळी. माझ्या नोकरीची बरीचशी वर्षं त्या नळीकडं बघण्यात गेली. देश बघितले ते प्रवाशांनी. मी त्यांच्या पेट्या बघितल्या.

हुद्दा होता ट्रॅफिक असिस्टंट. खानापूरकडच्या आमच्या गावात हे ऐकून लोकांचा असा समज झाला, की मारुती शहरात चौकात उभा राहून शिट्टी वाजवतो. आमच्या आईनं तर एका पाव्हण्याला सांगितलंही होतं, "उन्हात उभं ऱ्हायचं काम हाय, पर पगार बरा हाय." मी ते खोडून काढलं नाही. उन्हात उभं राहायचं काम होतंच.

काम म्हणजे काय, तर पायलटचं सोडून सगळं. तिकिटं तपासायची, पेट्या तोलायच्या, विमान लहान असल्यामुळे कुणाला कुठं बसवायचं याचा मेळ घालायचा, मराठी-कानडी-इंग्रजीत घोषणा करायची, धावपट्टीवर म्हशी आल्या तर जीप घेऊन हाकलायच्या, आणि शेवटी विमानात चढून डोकी मोजायची. वजनाचा हिशोब कॅप्टनच्या हातात दिला, शिडी काढली, की माझं काम संपलं. मुंबईचं आमचं विमान दोन पंख्यांचं, चाळीसेक माणसांचं. दार मागच्या बाजूला. मागून चढायचं आणि पुढं सरकत जायचं, अगदी एस्टीसारखं.

प्रवासीही एस्टीचेच वाटायचे. मुंबईहून आलेले एक निपाणीचे गृहस्थ माझ्यावर चिडले होते. म्हणाले, "वरनं आमचं घर दिसलं की हो मला. तिथंच खाली सोडायचं, तर हितवर आणलासा. आता परत बसनं उलटं जायाचं." निपाणीचेच बाबूशेठ म्हणून तंबाखूचे एक व्यापारी नेहमी यायचे. तंबाखूचा नमुना जवळच्या पिशवीत ठेवायचे, पेटीत नको म्हणायचे. ते बसले की पुढच्या दोन रांगा शिंकायला लागायच्या. हवाई सुंदरीनं तक्रार केली, तर बाबूशेठ गंभीरपणे म्हणाले, "बाई, ही शिंक न्हवं, ही मालाची पावती हाय."

अशा गमती पुष्कळ. पण मला विचाराल तर त्या सगळ्या नोकरीतला एकच दिवस मला जसाच्या तसा आठवतो. त्या दिवशी विमान वेळेवर सुटलं नाही, आणि त्याचं मला अजून बरं वाटतं.

ऐंशीच्या दशकातला, मे महिन्याच्या शेवटातला तो दिवस. सकाळीच काउंटरवर एक बाई आल्या. साठीच्या आसपास, पांढरी सुती साडी, हातात कापडी पिशवी आणि पितळेचा डबा. शेवंता कांबळे. निपाणीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. बरोबर सोडायला आलेली सगळी माणसं, म्हातारी धरून, त्यांना आक्काच म्हणत होती, म्हणून मीही आक्काच म्हणालो. आईनं तंबाखूच्या वखारीत पाला निवडून शिकवलं, असं त्यांनी मला आपणहूनच सांगितलं. मुलगा मुंबईला बँकेत होता. सुनेचं बाळंतपण जवळ आलं होतं, आणि मुलानं हट्टानं विमानाचं तिकीट पाठवलं होतं.

"डब्यात काय आहे आक्का?"

"डिंकाचे लाडू. सुनंसाठनं. मोजायचं असलं तर मोजा, पर उघडू नगा."

मी उघडला नाही. मग त्यांनी विचारलं, "विमानात काय सांगायचं असलं, तर कुणाला सांगायचं? बसमधी कंडक्टर असतोय. हितं कोण?"

मी म्हटलं, "हवाई सुंदरी असते. तिच्यावर कॅप्टन. विमानात कॅप्टनच्या वर कुणी नाही."

"मंत्री असला तरी?"

"मंत्री असला तरी प्रवासीच."

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते, म्हणून थोडं सांगतो. तिकीट काढलेल्या माणसानं विमानात दंगा केला, कुणाला मारलं, सूचना मानल्या नाहीत, तर त्याला उतरवता येतं. पण विचारायचा, तक्रार करायचा हक्क तिकिटाबरोबरच येतो. आणि कुणाला न्यायचं, कुणाला न्यायचं नाही, याचा शेवटचा शब्द कॅप्टनचा. विमान सुखरूप उतरवायची जबाबदारी त्याची, म्हणून हुकूमही त्याचा. आक्कांना मी हे एवढं सगळं सांगितलं नाही. मागं रांग होती.

प्रवासी आत सोडायच्या आधी पोलिसांची जीप थेट विमानापर्यंत आली. आमचे स्टेशन मॅनेजर नाडकर्णी साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "परदेशी विद्यार्थी आहे. हद्दपारीचा हुकूम आहे. मुंबईला नेऊन तिथून त्याच्या देशाच्या विमानात बसवायचाय. त्यांना आधी चढव, शेवटच्या रांगेत. गाजावाजा नको."

जीपमधून फौजदार उतरले, त्यांच्यामागं दुंडाप्पा नावाचा हवालदार, आणि दोघांच्या मध्ये एक उंच, सडपातळ आफ्रिकन पोरगा. हातावर टॉवेल टाकलेला. टॉवेलखाली बेड्या आहेत हे चालण्यावरूनच कळत होतं. नाकाखालपासून हनुवटीपर्यंत लोकरी मफलर करकचून बांधलेला. मे महिन्यात, सांबऱ्याच्या उन्हात, मफलर.

मी बघतोय म्हटल्यावर फौजदार हिंदीत म्हणाले, "दाँत में दर्द है."

मी त्या पोराच्या डोळ्यांकडं बघितलं. दात दुखणाऱ्या माणसाचे डोळे मिटलेले असतात. याचे सताड उघडे होते.

त्याचं नाव डॅनियल. बेळगावात इंजिनिअरिंग शिकत होता, शेवटचं वर्ष सुरू व्हायचं होतं. पुढं कळलं ते असं, की त्याच्या देशात सरकार उलथलं होतं, थोरला भाऊ तुरुंगात होता, आणि नव्या सरकारला हाही हवा होता. त्यांच्याकडून मागणी आली आणि इथून हुकूम निघाला. त्याच्या मित्रांनी वर्गणी काढून वकील दिला होता. दुसऱ्या दिवशी बेंगळूरच्या कोर्टात अर्ज सुनावणीला होता. म्हणूनच रेल्वेची वाट न बघता त्याला विमानानं हलवायची घाई चालली होती. अर्थात हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी फक्त एक मफलर दिसत होता.

दार मागं असल्यामुळे चढणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोरून जात होता. बहुतेकांनी एकदा बघितलं आणि नजर पुढं नेली. बाबूशेठनीही तेच केलं. आक्का मात्र थांबल्या. त्यांची जागा त्याच्या पुढच्याच रांगेत होती. डबा जागेवर ठेवून त्या वळल्या.

"काय झालंय रं बाळा तुला?"

"दात दुखतोय त्याचा," फौजदार मराठीत म्हणाले. या भागात नोकरी केलेल्या माणसाला सगळ्याच भाषा येतात.

"मी त्याला इचारलं."

त्या पोरानं नाही म्हणून मान हलवली. जोरात, दोनदा. मग मफलरच्या आतून काहीतरी घुसमटलेला आवाज आला आणि तो उठायला गेला. दुंडाप्पानं कोपर त्याच्या बरगडीत मारलं. पोरगा वाकला. टॉवेल खाली पडला. बेड्या इतक्या आवळलेल्या होत्या, की मनगटं सुजून वर आली होती.

मी डोकी मोजत पुढून मागं येत होतो. आकडा तिथंच विसरलो.

आक्का ओरडल्या नाहीत. वर्गात पोरं दंगा करतात तेव्हा चांगल्या बाई जशा आवाज खाली आणतात, तसा त्यांनी आणला. "फौजदार साहेब, त्याच्या तोंडात बोळा हाय. काढा तो."

"बाई, तुमचं काम नाही. सरकारी काम आहे. बसा."

"बोळा काढा, बसते."

हवाई सुंदरी धावत आली. नवीन पोर होती, घाबरली होती. "मॅडम, प्लीज बसा आणि पट्टा बांधा. आपण निघतोय."

"बसणार न्हाय आणि पट्टाबी बांधणार न्हाय. तुमच्या कॅप्टनला बोलवा. ह्या माणसांनी सांगितलंय मला, विमानात त्येच्या वर कोण न्हाय." आणि त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

फौजदारांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी डोकी मोजायला पुन्हा सुरुवात केली.

मग ते कानडीत सुरू झाले. आधी गोडीनं, "कूडरी अव्वा, कूडरी," म्हणजे बसा आई, बसा. आक्कांनी कानडीतच उत्तर दिलं, की आई म्हणताय तर आईचं ऐका. तेव्हा गोडी संपली. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून आत टाकीन, म्हातारी आहे म्हणून सोडणार नाही, असं ते बोलले. पुढच्या रांगांतून कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, बसा की. मुंबईत आमची पुढची गाडी आहे." आणखी एक म्हणाला, "काय केलं असेल त्यानं, तुम्हाला काय माहीत?"

आक्का त्या माणसाकडं वळल्या. "मला न्हाई म्हाईत. तुमाला हाय म्हाईत?"

तो खिडकीकडं वळला.

"त्येनं काय केलं असलं तर कोरट बघील. मी येवढंच म्हणते, त्येला श्वास घेऊ द्या. मग मी बसते."

विमानात त्या वेळी थंड हवेची सोय नसायची. इंजिन सुरू होईपर्यंत आतला पत्रा तापायचा. सगळे घामानं निथळत होते. त्या शांततेत एक आवाज आला, पट्टा सुटल्याचा. बाबूशेठ उठून उभे राहिले. हातात तंबाखूची पिशवी.

"मीबी बसत न्हाय," ते म्हणाले. "आक्कांनी माझ्या दोन्ही पोरांस्नी शिकवलंय. आज मी बसलो तर निपाणीत तोंड कसं दाखवू?"

एवढंच कारण होतं त्यांचं. मोठं तत्त्व वगैरे काही नव्हतं. पण त्यानंतर एक कॉलेजचे प्राध्यापक उठले, मग एक नवरा-बायको, मग ज्याची पुढची गाडी होती तो. सगळे उठले असं मी म्हणणार नाही. निम्मेअधिक बसूनच राहिले, काहींनी वर्तमानपत्र उघडलं. पण मधली वाट माणसांनी भरली.

खालून नाडकर्णी साहेब शिडी चढून आले. भला माणूस, पण वरच्यांना फार भिणारा. त्यांनी मला दारात ओढलं. "मारुती, त्या बाईला उतरव. तिचं तिकीट परत दे, उद्याच्या विमानात बसव, काहीही कर."

"काय कारण लिहू साहेब?"

"सूचना मानल्या नाहीत म्हणून लिही. पट्टा बांधला नाही."

"साहेब, पट्ट्याचा दिवा लागलेला नाही. इंजिन बंद आहे, दार उघडं आहे, शिडी लागलेली आहे. आत्ता उभं राहायला बंदी नाही. तुम्हीपण उभेच आहात."

ते वैतागून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात कॅप्टन आले. कॅप्टन थॉमस, केरळचे. बुटके, टक्कल पडलेले, आणि कधी आवाज न चढवणारे. वाटेतल्या माणसांना "एक्सक्यूज मी" म्हणत, अगदी आपल्या घरात पाहुणे जमल्यासारखे ते मागं आले. आक्कांना त्यांनी हिंदीत विचारलं, काय तक्रार आहे.

आक्कांनी सांगितलं. हिंदी मोडकी होती, पण बोट नेमकं होतं. मनगट, मफलर, बरगडी.

कॅप्टननी वाकून त्या पोराकडं बघितलं. मग फौजदारांना म्हणाले, "तोंड सोडा."

"सर, ओरडतो. सगळ्या पॅसेंजरांना त्रास."

"ओरडू दे. विमान हवेत हललं आणि याला उलटी झाली, तर हा गुदमरून मरेल. आग लागली तर या बेड्यांनी हा दारापर्यंत पोचणार नाही, आणि याच्या शेजारी बसलेला तुमचा माणूसही पोचणार नाही. असा माणूस मी वर नेत नाही. आधी सोडा, मग बोलू."

फौजदार हलले नाहीत. दुंडाप्पानं त्यांच्याकडं बघितलं, कॅप्टनकडं बघितलं, आणि मग आपणहूनच मफलरची गाठ सोडली. आतून रुमालाचा बोळा निघाला, ओला, रक्ताचा डाग पडलेला. पोरगा तोंडानं श्वास घेत राहिला. आम्ही सगळे वाट बघत होतो, की हा आता ओरडेल.

तो म्हणाला, "पानी द्या की, आक्का."

मराठीत. आपल्या इकडच्या मराठीत. बेळगावच्याच शहापुरात तो एका विणकर बाईच्या घरी खोली घेऊन राहत होता, त्या म्हातारीनं शिकवलेली भाषा. इतका वेळ आमच्या मनात तो परदेशी होता. बोळा निघाला आणि आतून शहापूर निघालं.

आक्कांनी आपला तांब्या त्याच्या तोंडाला लावला, कारण त्याचे हात उचलत नव्हते. पाणी पिऊन झाल्यावर कॅप्टननी त्याला इंग्रजीत विचारलं, "तुला माझ्या विमानानं जायचं आहे?"

"नाही सर. उद्या माझं कोर्ट आहे. हे कुणी ऐकत नाही."

कॅप्टन सरळ झाले. फौजदारांनी हुकुमाचा कागद पुढं केला. कॅप्टननी तो हातात घेतला नाही. "हा हुकूम तुमच्यासाठी आहे," ते म्हणाले. "तुम्ही तो पाळा. मला कुणी हुकूम दिलेला नाही. स्वतःच्या मर्जीनं, मोकळ्या हातानं, शांतपणे येणार असेल तर मी याला नेतो. बांधून नेत नाही."

"मग या बाईला तरी उतरवा. मी हिच्यावर केस करतोय."

"केस करा. त्या मुंबईला जाणार आहेत. त्यांनी माझ्याकडे तक्रार केली, मी ती ऐकली. त्यात उतरवण्यासारखं काय आहे?"

नाडकर्णी साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि शिडीकडं बघत राहिले.

त्या तिघांना मी खाली उतरवलं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड उतरवणं तेच. बेड्या एक खाच सैल केल्या होत्या. दारातून वाकून बाहेर पडताना डॅनियल मागं वळला आणि आक्कांना म्हणाला, "येतो."

आपल्याकडं जाताना जातो म्हणत नाहीत, हेही त्याला शहापूरच्या म्हातारीनंच शिकवलं असणार. पण हद्दपार होणाऱ्या माणसाच्या तोंडून तो शब्द सगळ्या विमानानं ऐकला. आक्कांनी एवढंच म्हटलं, "ये बाबा." मग त्या बसल्या, आणि पट्टा कसा बांधायचा ते त्यांनी हवाई सुंदरीला विचारलं.

पुढचं सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी बेंगळूरच्या कोर्टानं हुकुमाला स्थगिती दिली. फौजदार त्याला जीपनं मुंबईला नेण्याची जुळवाजुळव करत होते, तोवर तार आली. अर्ध्या दिवसाचाच फरक. तो फरक विमानाच्या त्या मधल्या वाटेत पडला. शिक्षण पूर्ण होईपर्यंत राहायची परवानगी त्याला मिळाली. पदवी घेऊन तो त्याच्या मामाकडं, तिसऱ्याच एका देशात गेला. मायदेशी गेला नाही. भाऊ सुटला की नाही, ते मला कधी कळलं नाही.

आक्का मुंबईला पोचल्या, तोवर नात जन्मलेली होती. लाडू वेळेत पोचले. परत येताना मात्र त्या बसनं आल्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "बसमधी उभं ऱ्हायलं तर कोण केस करत न्हाय."

कारण केस झाली होती. सरकारी कामात अडथळा. बेळगावच्या कोर्टात ती वर्षाच्या आत बोर्डावर आली, आणि साक्षीदार म्हणून मला बोलावणं आलं. कंपनीतल्या एका वरिष्ठांनी मला सुचवलं, की अशा गोष्टी आठवत नाहीत असं सांगायला हरकत नसते. मी म्हटलं, मला आठवतंय. त्या वर्षी माझी बढती राहिली. का राहिली ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

साक्षीत मी जे बघितलं तेच सांगितलं. दिवा लागलेला नव्हता, इंजिन बंद होतं, बाईंनी कुणाला हात लावला नाही, कॅप्टनला बोलवा म्हणाल्या. न्यायाधीशांनी आक्कांना विचारलं, "तुम्ही शिक्षिका होता. बसून शांतपणे सांगता आलं नसतं का? उभ्या का राहिलात?"

आक्का म्हणाल्या, "साहेब, त्यो पोरगा बसून सांगत हुता, ते कुणी ऐकलं न्हाय, म्हणून."

पण केस फिरली ती दुंडाप्पामुळं. तो पोलिसांचा साक्षीदार. सदलग्याचा माणूस, चार पोरांचा बाप. पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा टोपी बगलेत धरून जमिनीकडं बघत होता. आक्कांच्या वकिलानं विचारलं, "मफलर कशाला बांधला होता?"

दुंडाप्पानं टोपी दुसऱ्या बगलेत घेतली. फौजदार समोरच बसले होते.

"दात दुखत होता म्हणून?" वकिलानं पुन्हा विचारलं.

"दात कुणाचाच दुखत न्हवता, साहेब," दुंडाप्पा म्हणाला. "बोळा म्या घातला. घाल म्हणून सांगिटलं, म्हणून घातला. कोपर मातुर म्या माझ्या मनानं मारलं."

आक्का निर्दोष सुटल्या. दुंडाप्पाची बदली कणकुंबीच्या नाक्यावर झाली, जंगलात, जिथं पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत.

त्या प्रकरणानंतर आमच्या विमानातून असा बांधलेला माणूस पुन्हा कधी गेला नाही. बरीच वर्षं मला याचा अभिमान वाटायचा. मग एकदा एका ओळखीच्या पोलिसानं बोलता बोलता सांगितलं, की आता असल्यांना जीपनंच नेतात, विमानाची भानगड नको. तेव्हापासून अभिमान थोडा कमी झालाय. जीपमध्ये कॅप्टन नसतो. आणि पुढच्या रांगेत डबा घेऊन बसलेली बाईही नसते.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या हॉटेलात आक्का, बाबूशेठ आणि मी चहा घेत होतो. बाबूशेठ पैसे देण्यावरून मालकाशी हुज्जत घालत होते, तेवढ्यात दुंडाप्पा आला. गणवेशातच होता. टेबलाशी उभा राहून म्हणाला, "आक्का, माफ करा. त्या पोराला मारलं म्या."

"व्हय, बघितलं की मी."

"चुकलं माझं."

"मला कशाला सांगतोस? मला कुठं लागलं?"

त्यानं टोपी डोक्यावर सारखी केली. मला वाटलं, आता हा निघून जाईल. आक्कांनी बशीतला चहा संपवला, पदर सावरला आणि उठल्या. "शहापुरात ऱ्हातोय त्यो अजून. चल. मारुती, तूबी चल. मला घर सापडायचं न्हाय."

आम्ही तिघं रिक्षानं गेलो. मागांचा खडखडाट ऐकू यायला लागला, तशी ती गल्ली आली. म्हातारीनं आत हाक मारली, आणि डॅनियल हातात पेन्सिल घेऊन दारात आला. आक्कांना बघून त्याचा चेहरा फुलला. मग त्यांच्यामागं खाकी दिसली, आणि तो एक पाऊल मागं सरला. हात आपोआप पाठीमागं गेले.

दुंडाप्पानं टोपी काढली. वाटेत काय जुळवून आणलं असेल ते सगळं विसरला असावा. "त्या दिवशी म्या मारलं तुला," म्हणाला. "चूक झाली. सांगायला आलतो. जातो."

डॅनियल त्याच्याकडं बघत राहिला. आत म्हातारीचा माग थांबला होता. आक्का एका बाजूला सरकून उभ्या होत्या.

"जातो म्हनायचं नाय," डॅनियल सावकाश म्हणाला. मग तो दारातून बाजूला झाला. "चा घेनार?"

"घेतो," दुंडाप्पा म्हणाला, आणि उंबऱ्याबाहेर बूट काढायला खाली वाकला. नाड्या सोडायला त्याला फार वेळ लागला.